वाळवंट आणि वल्हे

कवठे महांकाळच्या बाजारात उभे राहून एखाद्या परस्थाने "येथे नाव कोठे मिळेल?" असे विचारले, तर ऐकणारा त्याच्याकडे प्रथम कुतूहलाने आणि मग कणवेने पाहील, कारण जेथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, आणि तोही जून-जुलैत ढगांचे नुसते दर्शन देऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे निघून जातो व उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत आला तर येतो, त्या मुलखात नाव ही वस्तू देवळाच्या भिंतीवरील केवटाच्या चित्रातच पाहावयाची असते. नदी मात्र तेथे आहे, आणि तिचे नाव अग्रणी आहे. खानापूर तालुक्याच्या माळावर उगम पावून, तासगाव आणि कवठे महांकाळ या दोन तालुक्यांची कोरडी कूस ओलांडून ती बेळगाव जिल्ह्यात कृष्णेला मिळते. जिने सर्वांच्या पुढे चालावे असे नाव जिला मिळाले, तीच बारा महिन्यांपैकी बहुतेक महिने पाण्याच्या नकाशात सर्वांच्या मागे असते, हा विनोद तिच्या काठच्या लोकांना नवा नाही. ते नदीवर जातात ते पाणी पाहावयास नव्हे, तर वाळूत हातभर खड्डा खणून, तळाशी झिरपलेले पाणी वाटीने भांड्यात भरून घ्यावयास. अशा खड्ड्याला झरा म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आणि १९७२ च्या दुष्काळात ज्यांची मुले या झऱ्यांवर रात्र रात्र पाळीने बसली, त्यांना त्या शब्दातील काव्य समजावून सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

तथापि भाषेने येथे एक मोठी मार्मिक गोष्ट करून ठेवली आहे. ज्या भूमीला पाणी ठाऊक नाही तिला आपण वाळवंट म्हणतो, आणि सहारा, थर, गोबी यांची वर्णने शाळेच्या भूगोलात त्याच शब्दाखाली वाचतो. पण मराठी माणसाच्या कानाला हा शब्द प्रथम ऐकू येतो तो पंढरपुरातून, आणि तेथे वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे पात्र. मिरज-पंढरपूर ही अरुंद रुळांची आगगाडी बार्शी लाइट रेल्वेने १९२७ मध्ये सुरू केल्यापासून कवठे महांकाळच्या स्टेशनावर जे वारकरी तिच्यात चढत, ते एका वाळवंटातून निघून दुसऱ्या वाळवंटात उतरत, आणि त्या दोन्ही ठिकाणी त्यांना विसंगती अशी काही वाटत नसे. नदी म्हणजे वाळू, आणि त्या वाळूतून कधी वरून, कधी खालून, कधी मुळीच न वाहणारे पाणी, ही दख्खनच्या पूर्व उतारावरील माणसाची नदीची व्याख्या आहे. वाळवंटी नदीतून नाव कशी न्यावी हा विषय त्यामुळे दूरदेशीचा वाटला तरी त्याचा पहिला धडा घरच्या नदीपाशीच मिळण्यासारखा आहे. तो धडा असा की खोल पाण्यात नाव कोणीही नेऊ शकतो. नावाड्याची खरी परीक्षा पाणी जेथे संपत आले असते तेथे होते.

या परीक्षेसाठी अग्रणी पुरेशी नाही. कवठे महांकाळहून मिरजेकडे, दंडोबाच्या डोंगराची सोंड ओलांडून कृष्णेच्या काठी यावे लागते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे विलीन संस्थानांचा मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा नावाचा जिल्हा बनविण्यात आला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी व त्यानंतरही या प्रदेशाला एकत्र बांधणारी सत्ता दप्तराची नसून कृष्णेचीच होती. पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरी निघून, कऱ्हाडास कोयना, ब्रह्मनाळास येरळा, हरिपुरास वारणा आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगा अशा बहिणी घेत जाणाऱ्या या नदीची गंमत अशी की, तिचे पाणी डोंगरातले आणि तिचा काठ मैदानातला. श्रावणात ती दोन्ही थड्या भरून, कधी कधी दोन्ही थड्या सोडून वाहते. आणि धरणे बांधली जाण्यापूर्वी फाल्गुन-चैत्रात तिची दशा अशी होत असे की ज्या ठिकाणी भाद्रपदात नाव वल्हवावी लागे, त्याच ठिकाणी बैलगाडी धोंड्यांवर खडखडत पार होई. "नदीला उतार पडला" असे त्या वेळी म्हणत. आणि उतार पडला की नावाड्याचे पोट आवळे. येथील तरींची मोठी कमाई पावसाळ्याच्या चार महिन्यांची व नंतरच्या एक-दोन महिन्यांची. बाकीच्या दिवसांत नाव काठावर पालथी घालून तिच्या फटी बुजवावयाच्या व तळाला तेल-डांबर लावावयाचे, हाच धंदा.

"तर" हा शब्दही आता खुलासा करून सांगावा लागेल. नदीच्या ज्या घाटावर उतारूंना पैलतीरी नेण्याची कायम सोय असे तो घाट, ती नाव आणि ती वहिवाट, या तिन्हींना मिळून तर म्हणत. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यासाठी १८६८ मध्ये तरींचा स्वतंत्र कायदा झाला. सरकारी तरीचा लिलाव व्हावा, मक्तेदाराने मक्त्याची रक्कम भरावी, माणूस, जनावर, गाडी यांचे दर ठरलेले असावेत, अशी सर्व व्यवस्था त्या कायद्याने रुळली. कागदोपत्री नदी ही एक जकातनाका झाली. प्रत्यक्षात मात्र घाटावरचा खरा हुकूम पाण्याचाच चाले, आणि तो वाचता येणारा मनुष्य मक्तेदार नसून त्याच्या पदरचा भोई किंवा कोळी असे. सांगली आणि सांगलवाडी यांच्यामध्ये १९२९ मध्ये आयर्विन पूल उभा राहिला तेव्हा ज्या तरीची गरज संपली, तिच्यावरील नावाड्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. औदुंबराच्या दत्ताचे दर्शन घेऊन पैलतीरीच्या भुवनेश्वरीला नावेने जाण्याचा प्रघात मात्र अजून आहे, आणि या विद्येचा जो काही अंश उरला आहे तो असल्या घाटांवर आणि सांगलीच्या होड्यांच्या शर्यतींत पाहावयास मिळतो.

आता नावेच्या आकाराकडे वळू. समुद्रावरच्या नावेला खाली कणा असतो, आणि तो पाण्यात खोल जाऊन तिला वाऱ्याच्या माऱ्यात सरळ ठेवतो. नदीवरच्या, विशेषतः उथळ नदीवरच्या, नावेला तोच कणा शत्रू. तिचा तळ सपाट असावा, कडा थोड्या बाहेर झुकलेल्या असाव्यात, आणि तिचे वजन शक्य तितक्या मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असावे. हा सिद्धांत आपल्या भागातील शेतकऱ्याने कोणतेही नौकाशास्त्र न शिकता एका विलक्षण वाहनात उतरविला आहे, आणि ते वाहन म्हणजे काहील. गुऱ्हाळात उसाचा रस आटविण्याची ही लोखंडी कढई सपाट तळाची, रुंद तोंडाची व उथळ असते. महापुरात गावाला वेढा पडला की तीच चुलवाणावरून उतरवून पाण्यात लोटतात, आणि तिच्यात माणसे, शेळ्या, धान्याची पोती, प्रसंगी नवरदेवसुद्धा बसवून पैलतीरी नेतात. आठ फूट व्यासाची काहील धरली तर तिचे क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर होते. म्हणजे ती पाण्यात एक सेंटिमीटर बुडण्यासाठी सुमारे पंचेचाळीस किलो भार लागतो. साठ किलोंची चार माणसे तिच्यात बसली तर ती तिच्या स्वतःच्या वजनाने बुडालेली असते त्याहून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर अधिक खाली जाते. आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेत पाठ करणाऱ्यास तो येथे डोळ्यांनी पाहता येतो. या वाहनाचा दोष एवढाच की त्याला पुढे-मागे नाही. वल्हे एका बाजूस मारले की ते गरगर फिरते, आणि नवख्या माणसाला पैलतीराआधी चक्कर गाठते. तुंगभद्रेच्या व कृष्णेच्या खालच्या अंगाला बांबूची, चामड्याने मढविलेली जी गोल टोपलीसारखी नाव पूर्वीपासून चालते, तिचाही गुण हाच आणि अवगुणही हाच.

याहून गरीब वाहन म्हणजे सांगड. वाळलेले भोपळे किंवा दोन ओंडके एकमेकांस बांधून केलेला तराफा नदीवर टाकीत, आणि त्यावर पोट टेकून पोहत नदी उतरत. दोन विजोड गोष्टींचा मेळ बसविताना आपण सांगड घालतो असे म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडी हा विसरलेला तराफाच असतो; नदीकाठच्या भाषेचे असे कितीतरी तुकडे कोरड्या जागी येऊन पडले आहेत.

सपाट तळाचा हिशेब जसा उथळ पाण्यात उपयोगी, तसाच तो महापुरात उलटतो. त्याच पंचेचाळीस किलोंच्या मापाने पाहिले तर एकेक माणूस चढत असताना काठ पाण्याच्या जवळ येतो तो इतका हळू की धोका कोणत्या माणसाने आला ते कोणालाच कळत नाही. आणि काठावरून पाणी एकदा आत आले की ते एका अंगाला धावते व सर्व हिशेब क्षणात संपतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पुरातून सुटका करीत असलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. ज्या येरळेच्या संगमावर हे घडले, ती येरळाही अग्रणीसारखीच वर्षातील बराच काळ वाळू दाखविणारी नदी आहे.

पाणी वाचणे म्हणजे काय, हे आता थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण या प्रकरणाचा गाभा तोच आहे. नदी कधी सरळ वाहत नाही. आणि वळणावर तिचे खोल पाणी नेहमी बाहेरच्या काठाला लागून असते, तर आतल्या बाजूला ती वाळू टाकीत जाते. याचे कारण असे की वळताना वरचे वेगवान पाणी बाहेरच्या थडीवर आदळते, खाली जाते आणि तळाशी आतल्या बाजूकडे परतताना तेथील वाळू ओढून नेते. म्हणून बाहेरची थडी उभी, तुटलेली व कोसळणारी असते आणि आतली उतरती, गुरे पाण्यावर नेण्यास सोयीची. नवखा माणूस भीतीने उतरत्या काठाच्या आश्रयाला जातो आणि फसतो. जाणता त्या तुटक्या दरडीच्या कुशीतून जातो, जरी तेथे झाडांच्या मुळ्या लोंबत असल्या व मान खाली घालावी लागली तरी. मात्र एक वळण संपून दुसरे विरुद्ध दिशेचे सुरू होते, तेव्हा खोल धारेला एका काठावरून दुसऱ्या काठावर जावे लागते, आणि ते जाणे म्हणजे तिरपे, पसरट, घोटाभर पाण्याचे. नदीचा उतार पडतो तो याच जागी, आणि नावेचा तळ घासतो तोही याच जागी. गाडीवान ज्या ठिकाणाला देवाची कृपा मानतो, नावाडी त्याच ठिकाणाला शिव्या देतो. दोघेही एकाच भूगोलाचे विद्यार्थी आहेत.

पृष्ठभागावरची अक्षरे याहून बारीक. पाणी खोल असेल तेथे ते गुळगुळीत, काळसर, तेल ओतल्यासारखे दिसते; उथळ असेल तेथे त्यावर बारीक, चमचमणाऱ्या सुरकुत्या उठतात, कारण तळाची प्रत्येक खाच वरपर्यंत जाणवते. दोन धोंड्यांमधून पाणी वाट काढते तेव्हा खालच्या दिशेला निमुळती होत जाणारी, जिभेसारखी गुळगुळीत धार तयार होते, आणि तिच्या टोकाशी नाव सोडावी. याउलट जेथे पाण्याच्या रेघा नावेकडे टोक करून खालच्या दिशेला फाकतात, तेथे टोकाच्या जागी बुडालेला धोंडा दबा धरून बसलेला असतो. एकाच आकाराचे हे दोन उलटसुलट अर्थ लक्षात ठेवले म्हणजे अर्धी बाराखडी आली. उरलेली अर्धी कानांनी शिकावी लागते. खडकावरचे पाणी खळखळते, वाळूवरचे सळसळते, आणि कोसळणाऱ्या धारेचा आवाज वळणाच्या अलीकडे ऐकू येतो तो प्रत्यक्षाहून पुष्कळ मोठा. संध्याकाळचे ऊन तोंडावर असताना मात्र हे सर्व वाचन बंद पडते, कारण सबंध पात्र एकसारखे चकाकते. त्या वेळी काठाला लागावे आणि चहा करावा हेच शहाणपणाचे.

नाव वाळूवर बसली तर काय करावे? खाली उतरावे, पण घाईने नव्हे, आणि खालच्या अंगाला तर कधीच नव्हे, कारण सुटलेली नाव प्रवाहाच्या जोराने ज्या माणसाला प्रथम भेटते तो तिच्या आणि पुढच्या धोंड्याच्या मध्ये सापडलेला असतो. माणूस उतरला की नाव वर येते; सपाट तळाच्या लहान नावेत एक मनुष्य कमी झाल्याने बोटाच्या पेराएवढी उंची मिळते, आणि उथळ नदीत सुटका आणि अडकणे यांच्यामधील अंतर पुष्कळदा तेवढेच असते. विलंबही करू नये. कारण वाळूच्या पात्रात थांबलेल्या वस्तूभोवती पाणी तळ कोरीत व वाळू रचीत असते, आणि पाच मिनिटे वाद घालणाऱ्या मंडळींची नाव तेवढ्यात अर्धवट पुरली जाते. वल्ह्यापेक्षा येथे लांब बांबू उपयोगी. त्याने तळ चाचपता येतो, नाव ढकलता येते. बांबू चिखलात रुतला तर सोडून द्यावा, त्याला धरून लोंबकळू नये. नाव पुढे जाते आणि माणूस बांबूवर राहतो, हा प्रकार काठावरील प्रेक्षकांना जितका आवडतो तितका दुसरा कोणताही नाही.

उथळ नदीला वेसण घालण्याचा मोठा उद्योग महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला झाला आणि फसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वऱ्हाड-नागपूरचा कापूस आणि हिंगणघाटची बाजारपेठ इंग्रज व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत भरली, तेव्हा तो माल वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांवरून थेट पूर्व समुद्रापर्यंत न्यावा अशी योजना पुढे आली. धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणारा आर्थर कॉटन तिचा कट्टर पुरस्कर्ता होता. अडचण अशी की वाटेत दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी या तीन ठिकाणी खडकांच्या रांगा नदी अडवून बसल्या होत्या. त्यांना वळसा घालणारे कालवे, दरवाजे, बंधारे यांचे काम सुरू झाले. जंगलात तापाने मजूर आजारी पडले, खर्च फुगला, आणि इतके करूनही नदी वर्षातील काही महिनेच पुरेसे पाणी देई ते देईच. दरम्यान मुंबईहून लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १८७१ मध्ये सरकारने काम थांबविण्याचा हुकूम काढला. दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा आहे; आणि सिरोंचाच्या परिसरातील जंगलांचे सागवान जे नदीवरून गेले ते सरकारी आगबोटींतून नव्हे, तर ओंडके बांधून केलेल्या तराफ्यांवरून, पुराच्या पाण्यात. वैनगंगेच्या काठचा ढिवर एका खोडाचा कोरलेला डोंगा घेऊन ज्या पाण्यातून सहज जातो, त्या पाण्यात आगबोट नेण्याचा हट्ट चुकीचा होता असे आज म्हणणे सोपे आहे; कॉटनचे गणित पाण्याच्या बाबतीत पुष्कळदा बरोबर असे, पण नदीने पाणी कोणत्या महिन्यात द्यावे हे गणिताने ठरत नाही.

दख्खनच्या नद्या पसरट पात्रांच्या आहेत. खोल घळईतून, वैराण प्रदेशातून वाहणारी उथळ नदी पाहावयाची तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात जावे लागते, आणि तेथील कोलोरॅडो व तिची उपनदी सान हुआन या दोघींचा इतिहास म्हणजे वर सांगितलेल्या धड्यांचाच मोठ्या अक्षरांतला पाठ आहे. कोलोरॅडो या स्पॅनिश नावाचा अर्थच तांबड्या रंगाची. गाळाने ती खरोखरच गेरूसारखी वाहत असे. २४ मे १८६९ रोजी, लढाईत उजवा हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल नावाचा भूगर्भशास्त्राचा अध्यापक नऊ माणसे आणि चार नावा घेऊन कोलोरॅडोला मिळणाऱ्या ग्रीन नदीवरून निघाला. त्याच्या नावांपैकी तीन ओक लाकडाच्या, एकवीस फुटी, जड व गोल तळाच्या होत्या. म्हणजे उथळ, खडकाळ नदीवर ज्या असू नयेत नेमक्या तशा. शिवाय वल्हवणारे प्रवाहाकडे पाठ करून बसत, त्यामुळे ज्यांच्या हातांत नाव होती त्यांच्या डोळ्यांपुढे धोंडे नव्हते. थोड्याच दिवसांत एक नाव धबधब्यात फुटली आणि तिच्याबरोबर बराच शिधा गेला. पुढे कित्येक ठिकाणी नावा दोरांनी बांधून, काठावरून धरून खाली सोडाव्या लागल्या. एक जण आधीच सोडून गेला. ऑगस्टच्या अखेरीस तिघांनी, आता पुढे मरणच आहे असे मानून, घळईची भिंत चढून बाहेरची वाट धरली आणि ते मारले गेले. आणि नदीबरोबर राहिलेले सहा जण त्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, मोकळ्या प्रदेशात बाहेर पडले. पॉवेलचे धैर्य निर्विवाद आहे. त्याच्या नावा मात्र आमच्या काहिलीपुढे गुण घेऊ शकल्या नसत्या, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पुढे जवळजवळ तीस वर्षांनी नॅथनिएल गॅलोवे नावाच्या एका फासेपारध्याने या नद्यांवर सपाट तळाची हलकी नाव आणली, आणि एक साधी गोष्ट केली: तो वळून बसला. तोंड खालच्या दिशेला, धोंडे डोळ्यांपुढे. आणि वल्हे मारावयाचे ते नाव पुढे नेण्यासाठी नव्हे, तर उलट दिशेने ओढून तिचा वेग मोडण्यासाठी. नाव प्रवाहाहून हळू चालली की नावाड्याला वेळ मिळतो, आणि तिरपी धरून ओढली की ती आडवी सरकते. म्हणजे धोंडा टाळावयाचा तर त्याच्यापासून पळू नये, त्याच्याकडे पाहत मागे ओढावे. आज त्या नद्यांवर जे वल्हेकरी जातात ते बहुतेक याच पद्धतीने जातात.

सान हुआन ही तर उथळपणाची शाळाच. न्यू मेक्सिकोतून येऊन यूटाच्या वैराण पठारात शिरल्यावर ती सुमारे तीनशे मीटर खोल घळईत अशी वळणे घेते की सरळ अडीच किलोमीटर जाण्यासाठी तिला नऊ किलोमीटरांहून अधिक वाहावे लागते. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांच्या खडकाच्या भिंती, आणि तळाशी गुडघाभर गढूळ पाणी. या नदीवर एक चमत्कार दिसतो. सपाट पाण्यावर अकस्मात लाटांची एक रांग उभी राहते, कमरेपर्यंत उंचावते, घोंघावते, आणि काही मिनिटांत जशी आली तशी विरून जाते. तळाशी धोंडा नसतो, वारा नसतो. अर्ध्या मीटर खोल पाण्यावर लाट सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर वेगाने धावू शकते. प्रवाहाचा वेग जेव्हा त्याच्याच आसपास येतो, तेव्हा वर जाऊ पाहणारी लाट जागच्या जागी अडकते, तिच्याखालील वाळू तिच्याच आकाराचा ढिगारा रचते, ढिगाऱ्याने लाट आणखी उंच होते, आणि शेवटी ती स्वतःच्या भाराने फुटली की वाळूही सपाट होते. नदीचा तळ स्थिर असतो, हा आपला समज येथे टिकत नाही. येथे तळच पाण्याबरोबर श्वास घेतो. मेक्सिकन हॅट या गावचा नॉर्मन नेव्हिल्स याने १९३० नंतरच्या दशकात याच पाण्यासाठी अगदी उथळ, चपट्या नावा बांधल्या आणि उतारूंना पैसे घेऊन नदीची सफर घडविण्याचा व्यवसाय सुरू केला. १९३८ मध्ये कोलोरॅडोच्या महाघळईतून त्याने ज्यांना नेले त्यांत एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रिया होत्या. ती घळई आरंभापासून शेवटपर्यंत नावेने पार करणाऱ्या त्या ज्ञात इतिहासातील पहिल्या स्त्रिया. सबंध वाटेवर, लाटांत भिजलेल्या कागदांत, त्यांनी निवडुंगांचे नमुने जपून आणले.

वैराण मुलखातील नदीचा जो धोका पुस्तकांत विशेष म्हणून सांगतात, तो मात्र अग्रणीकाठच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. डोक्यावर निरभ्र आकाश, आणि वरच्या अंगाला दहा कोसांवर झालेला वळीव. तासा-दोन तासांनी कोरड्या पात्रातून काड्या, पालापाचोळा आणि मळकट फेस पुढे ढकलीत लोंढा येतो. पाण्याचा रंग अचानक बदलला, काटक्या वाहू लागल्या, किंवा वाऱ्याशिवाय घोंघावणे ऐकू आले, की सामान राहू द्यावे आणि माणसांनी चढावे. उघड्या बोडक्या माळाला पाणी धरून ठेवणारे काही नसते, म्हणूनच ज्या प्रदेशात पाऊस कमी तेथील पूर जास्त अकस्मात. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनाकडे मेंढरे घेऊन जाणारा धनगर ओढ्याच्या पात्रात तळ देत नाही. सान हुआनवर जाणारे वल्हेकरीही रात्रीचा मुक्काम पात्राबाहेरच्या उंचवट्यावर करतात आणि नाव मात्र दोरीने, दोन ठिकाणी, बांधून ठेवतात.

अलीकडच्या काळात कृष्णेचे पाणी म्हैसाळ योजनेने टप्प्याटप्प्याने वर उचलून कवठे महांकाळ तालुक्यात आणले गेले. म्हणजे जी नदी उतारावर वाहावयाची ती येथे पंपांनी नळांतून चढते, आणि जेथे तूर-बाजरीची राने होती तेथे ऊस आणि द्राक्षबागा दिसतात. ऊस आला त्याबरोबर काहीलही आली असेल; पण अग्रणीला ती लागेल असे पाणी वर्षात किती दिवस येते, ते हस्ताच्या पावसावर अवलंबून. लोकांनी श्रमदान करून, सरकारी साहाय्य घेऊन, हिचे पात्र मोकळे केले, बांध घातले, डोह पुन्हा धरावयास लावले. एक गोष्ट मात्र ठिकठिकाणी परत आणता आलेली नाही. घरे आणि पूल बांधण्यासाठी आपल्या नद्यांतून गाड्या भरभरून जी वाळू गेली, तिच्या जागी उघडा काळा खडक आणि मांजरी माती राहिली; हातभर खड्डा खणून ज्या वाळूत झरा लागत असे ती वाळूच तेथे नाही, आणि म्हातारी माणसे नदीकडे बोट करून अजूनही वाळवंट असेच म्हणतात.